७३९३९१३३

मोइन्ती जंक्शनवर एकवीस वर्षं
मी मालडब्यांचे आकडे लिहून घेतले.
टॉर्च, पेन्सिल (शाई गोठते), नमद्याचे बूट,
आणि बाल्खाशकडून येणारा वारा,
ज्याला कुठलीच यादी दाखवावी लागत नाही.

दर डब्याला आठ अंक.
पहिला सात असला तर टाकी:
तेल, आम्ल, कधी नुसताच वास.
मी लिहायचं. उल्मेकेन, रात्रपाळी, सही.

पण एका आकड्याची मी वाट बघत होते.
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.

तो एम्मा याकोव्लेव्नांनी दिलेला, सातवीत.
फळ्यावर लिहिला नि म्हणाल्या, भागून दाखवा.
आम्ही तीननं भागलं, सातनं, तेरानं,
येर्मेकनं तर मधली सुट्टी घालवून एकोणतीसनं.
दर वेळी बाकी उरायची.
मूळ संख्या आहे, बाई म्हणाल्या, दमाल.
मग शेवटचा तीन अंगठ्यानं पुसला.
आता भागा.
उरलेलाही मूळ.
पुन्हा अंगठा.

७३९३९१
७३९३९
७३९३
७३९
७३
७

बाईंचा अंगठा पांढराफटक, फळ्यावर एकटा सात,
आणि तोही आपल्या पाढ्याखेरीज कुणाच्यात बसेना.

डावीकडून नाही हं चालत, त्या म्हणाल्या.
तिकडून तोडत आलात
तर एकशे तेहेतीस उरल्यावर संपलंच: एकोणीस सत्ते.
आणि मागं नवा अंक जोडायला जाऊ नका.
सम जोडाल तर दोन खातो,
पाच जोडाल तर पाच,
एक किंवा सात जोडाल तर तीन टपलेलाच आहे.
तीन नि नऊ जोडून बघा, जरा शोधावं लागेल,
पण खाणारा सापडतो.
असल्या आकड्यांत हा सगळ्यात मोठा.
तेही आपल्याला बोटं दहा म्हणून.
आठ असती, तर दुसराच कुणी असता.

बाईंचं गाव व्होल्गाकाठी होतं.
एक्केचाळीस साली गाव गेलं, गाडीत आजी गेली,
पहिल्या हिवाळ्यात दोघे भाऊ,
आणि पुढं घरात जर्मन बोलायला कुणी उरलं नाही.
मी एकदा, वही द्यायच्या निमित्तानं, विचारलं:
तो आकडा म्हणजे तुम्हीच ना?
बाईंनी चष्मा काढला, परत लावला.
ते गणित आहे, पोरी.
माणूस असा तोडला तर मूळ राहत नाही.
चौथं उदाहरण चुकलंय तुझं.

नोकरीच्या नवव्या वर्षी
एका निरीक्षकानं चहा पिता पिता सांगितलं:
आठवा अंक डब्याचा नसतोच.
आधीचे सात घ्यायचे,
एकाआड एक दुप्पट करायचे, पहिल्यापासून,
आलेल्या सगळ्या अंकांची बेरीज,
आणि पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी, तो आठवा.
चूक पकडायला. तुझ्यासारख्या पेंगतात म्हणून.

मी हातमोज्यावरच करून पाहिलं.
पाच, तीन, नऊ, तीन, नऊ, एक, सहा.
छत्तीस. चाळीसला चार कमी.
चार.
म्हणजे तेहेतीस कधीच नाही, आला तर चौतीस.
नऊ वर्षं मी अशा डब्याची वाट बघत होते
जो रेल्वेच्या हिशेबात चूक ठरला असता.

तरी बघायची सवय गेली नाही.
मग खांबांवर कॅमेरे आले, तेच वाचू लागले,
आम्हा सहाजणींना फुलं दिली, एक घड्याळ.
त्याच आठवड्यात, उणे एकतीस,
तिसऱ्या रुळावर टाक्यांची रांग,
शेवटून दुसरी:
७३९३९१३४.

सम. दोननं कुणीही भागावा.
मी हातमोजा काढला,
आणि त्या चारवर अंगठा ठेवला.
सात अंक राहिले, बाईंच्या फळ्यावरचे,
त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा.
पुढं पुसायला हात उचलला
तर अंगठा लोखंडाला चिकटलेला.
ओढून काढला.
थोडी कातडी त्या चारवर राहिली, गाडी सुटली.
कुठं जाते ते यादीत असतं.
यादी आता माझ्याकडे नव्हती.